डोक्याला मार लागल्यावर लहान मुलाचा मेंदू काय करतो?

खानदेशातून येऊन सुरतेत स्थिरावलेल्या घरांत, गोडादरा, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात, मूल जिन्यावरून पडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'लहान आहे, भरून निघेल.' मोडलेल्या हाताबाबत ते बरोबर आहे, कोवळं हाड लवकर जुळतं. मेंदूबाबत मात्र या वाक्याने आईबापांना दिलासा दिला तसं पुष्कळ मुलांचं नुकसानही केलं आहे. त्यात तथ्य किती, हे प्रयोगशाळांमधून गेली साठ वर्षं तपासलं जातंय. इजा झालेला मुलाचा मेंदू नव्या चेतापेशी तयार करतो का, करत असेल तर कुठे आणि किती, आणि पुढे त्या कामाला येतात का, याचा हा आढावा.

शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होतं : नाही. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूची रचना जेवढी बारकाईने पाहिली, तेवढी त्या काळात कोणीच पाहिली नव्हती. पूर्ण वाढलेल्या मेंदूत गेलेली पेशी परत येत नाही, असं त्यांनी १९१३-१४च्या ग्रंथात नोंदवलं आणि वैद्यकाच्या पुस्तकांनी ते पुढे अर्धशतक प्रमाण मानलं.

या समजुतीला पहिला तडा जखमी मेंदूनेच दिला. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ ऑल्टमन उंदरांच्या मेंदूत मुद्दाम बारीक जखम करून, तिच्याभोवतीच्या आधारपेशी कशा वाढतात ते पाहत होते. विभागणाऱ्या पेशीच्या डीएनएमध्ये शिरणारं किरणोत्सारी थायमिडीन त्यांनी टोचलं होतं. आधारपेशींत त्याच्या खुणा सापडल्या, ते अपेक्षितच होतं. पण जखमेपासून दूर असलेल्या काही चेतापेशींतही खुणा दिसल्या. म्हणजे त्या पेशी जन्मानंतर, प्रयोगाच्या काळात तयार झालेल्या असणार. १९६५ साली ऑल्टमन आणि त्यांचे भारतीय वंशाचे सहकारी गोपाल दास यांनी उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जन्मानंतरही चेतापेशी तयार होत राहतात, हे सविस्तर दाखवलं. कानशिलाच्या आत खोलवर असलेला हा भाग आठवणी साठवण्याचं काम सुरू करून देतो. शोध एवढा मोठा असूनही जवळपास वीस वर्षं त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मायकेल कॅप्लन यांनी १९७७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पुरावा दिला, तोही बाजूला पडला. फर्नांडो नॉटेबोम यांनी १९८०च्या दशकात कॅनरी पक्ष्यांत नव्या चेतापेशी दाखवल्या, तेव्हा कुठे वारं फिरलं. माणसातला पुरावा १९९८ साली आला. कर्करोगाच्या उपचारात पेशींवर खूण करणारं औषध दिलेल्या पाच स्वीडिश रुग्णांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली आणि पेटर एरिक्सन व फ्रेड गेज यांना त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी सापडल्या.

यानंतरचा वाद अजून थांबलेला नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४चा आधार घेऊन योनास फ्रीसेन यांच्या स्वीडिश गटाने २०१३ साली हिशोब मांडला : प्रौढ माणसाच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज प्रत्येकी सुमारे ७०० नव्या चेतापेशी. पाच वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या आर्तुरो अल्वारेझ-बुइया आणि शॉन सोरेल्स यांच्या गटाने उलट सांगितलं की प्रौढांत त्या सापडतच नाहीत. लगेच दुसऱ्या गटांनी त्यालाही आव्हान दिलं. २०२५ साली फ्रीसेन यांच्याच गटाने जन्मापासून ७८ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या ऊतींत चेतापेशींच्या जनक पेशी दाखवल्या. माझ्या मते 'प्रौढांत होतं, पण माणसागणिक फार कमी-जास्त' या बाजूला पुरावा आता झुकला आहे.

मात्र हा सगळा वाद मोठ्या माणसांच्या मेंदूबद्दलचा आहे. मुलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी तयार होतात, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. मोठ्यांत त्या नाहीत म्हणणाऱ्या सोरेल्स यांच्याच अभ्यासात नवजात बाळाच्या या भागात चौरस मिलिमीटरमागे सरासरी १६००हून अधिक तरुण चेतापेशी होत्या. वर्षभरात त्या पाचपटीने घटल्या आणि तेराव्या वर्षी २.४वर आल्या. दुसरा साठा मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्यांच्या भिंतीत असतो. तिथून तरुण पेशींचे लोंढे पुढच्या भागाकडे सरकत असतात. जन्मानंतरचे पहिले काही महिने ते जोरात असतात आणि साधारण १८ महिन्यांपर्यंत आटत जातात. म्हणजे पाळण्यातल्या बाळाचा मेंदू अजून बांधला जात असतो आणि बांधकामाचा माल वाटेवर असतो. शाळेत जाणाऱ्या मुलाकडे त्यातला फारच थोडा उरतो, तोही एका कोपऱ्यात.

मोठ्या मेंदूच्या सालीत, जिथे भाषा, हिशोब, संयम, हालचालींवरचा ताबा हे सगळं चालतं, जन्मानंतर नव्या चेतापेशींची भर जवळपास पडतच नाही. फ्रीसेन यांच्या गटातले रतन भारद्वाज व सहकारी यांनी २००६ साली कार्बन-१४नेच दाखवलं की सालीतल्या चेतापेशींचं वय त्या माणसाच्या वयाएवढंच असतं. रस्त्यावर किंवा फरशीवर डोकं आपटतं तेव्हा चेंदामेंदा होतो तो बहुधा या सालीचाच, त्यातही कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागाचा. मार लागतो एकीकडे आणि नवी पेशी तयार होते दुसरीकडे. या विषयावरचं पुढचं सगळं संशोधन या अंतराशी झगडतं.

मार लागल्यावर हिप्पोकॅम्पसमधला कारखाना वेग घेतो, याबद्दल प्राण्यांत शंका उरलेली नाही. मुलांच्या अतिदक्षता विभागात काम केलेले डॉक्टर स्टीव्हन कर्नी यांनी २००१ साली उंदरांत ते दाखवलं. व्हर्जिनियातल्या डाँग सन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली लहान आणि प्रौढ उंदरांना सारखीच इजा करून तुलना केली. पेशींची विभागणी दोघांतही वाढली, पण त्यातून चेतापेशी होण्याचं प्रमाण लहानांत जास्त निघालं. या पेशी नुसत्या दिसायला आहेत की कामाच्या, हा पुढचा प्रश्न. २०११ साली कर्नी यांच्या गटाने जनुकीय युक्तीने उंदरांतली ही नवनिर्मिती बंद केली आणि मग मेंदूला इजा केली. पाण्याच्या हौदात बुडवलेला ओटा शोधून काढण्याच्या परीक्षेत असे उंदीर मागे पडले. निर्मिती चालू असलेले जखमी उंदीर त्यांच्यापेक्षा बरे शिकले. म्हणजे इजेनंतरच्या सुधारणेत नव्या पेशींचा खरा वाटा असतो. तो वेळ घेतो. सन यांच्या दुसऱ्या एका अभ्यासात दिशांची आठवण परत यायला सुमारे दोन महिने लागले, आणि साधारण तेवढ्याच काळात नव्या पेशींच्या तारा पुढच्या थांब्यापर्यंत पोचत होत्या.

पोचणं हेच अवघड आहे. गोडादऱ्यातल्या ज्यांच्या घरात कोणी लूमवर काम करतं, त्यांना हे चटकन कळेल : बीमवरची तार तुटली तर नवी तार जवळ असून भागत नाही, ती फणीच्या नेमक्या त्याच घरातून ओवावी लागते, नाहीतर कापडात दोष पडतो. नव्या चेतापेशीचंही तसंच आहे. तिला जखमेपर्यंत चालत जायचं असतं, तिथे जिवंत राहायचं असतं आणि योग्य शेजाऱ्यांशीच जोडून घ्यायचं असतं. ओले लिंडव्हाल यांच्या स्वीडनमधल्या गटाने २००२ साली प्रौढ उंदरांत पक्षाघात घडवून हे मोजलं. पोकळीच्या भिंतीतून नव्या पेशी जखमेकडे निघाल्या खऱ्या, पण ८० टक्क्यांहून अधिक वाटेतच किंवा पोचल्यावर मेल्या. मेलेल्या चेतापेशींपैकी जेमतेम ०.२ टक्के भरून निघाल्या.

लहान मेंदूला याच टप्प्यावर एक फायदा मिळतो आणि मला या साऱ्या विषयातला सर्वांत आशादायक प्रयोग तोच वाटतो. गर्भात मेंदू घडताना चेतापेशी ज्या लांब तंतूंना धरून वर चढतात, ते तंतू मोठ्यांत नाहीसे झालेले असतात. जपानमधल्या नागोयाच्या काझुनोबु सावामोतो यांच्या गटाने २०१८ साली पाहिलं की नवजात उंदराच्या मेंदूला इजा झाली तर हे तंतू काही काळ टिकून राहतात आणि नव्या पेशी त्यांच्या आधाराने जखमेकडे सरकतात. पेशीला तंतूची पकड मिळते ती एन-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनामुळे. मग त्यांनी हे प्रथिन लावलेला जिलेटिनचा बारीक स्पंज जखमेत बसवला. तंतू मावळल्यावरही पेशी स्पंजला धरून पुढे गेल्या, सालीपर्यंत पोचल्या आणि त्या पिल्लांची चाल सुधारली. मुलांच्या उपचारात हा स्पंज अजून आलेला नाही, पण निसर्गाची वाट कुठे संपते आणि तिथून पुढे माणूस ती कशी बांधू शकेल, हे एवढ्या स्पष्टपणे आधी कोणी दाखवलं नव्हतं.

वयाचं गणित मात्र 'जितकं लहान तितकं चांगलं' एवढं सरळ नाही. कॅनडातल्या लेथब्रिजचे ब्रायन कोल्ब यांनी उंदराच्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागातला मधला तुकडा वेगवेगळ्या दिवशी काढून पाहिला. जन्मल्याबरोबर काढला तर पिल्लू मोठेपणी फारच अधू निघालं, त्याचा मेंदूही लहान राहिला. दहाव्या दिवशी काढला तर पोकळीत नवं ऊतक भरलं, त्यात चेतापेशी होत्या, आणि प्राणी मोठेपणी बराचसा नीट वागला. त्याच दहाव्या दिवशी सालीचा दुसरा भाग काढला तर पोकळी तशीच राहिली. दिवस आणि जागा दोन्ही जुळावं लागतं.

१९३०च्या दशकात मार्गारेट केनर्ड यांनी माकडांवरच्या प्रयोगांतून लहान मेंदू लवकर सावरतो असं म्हटलं होतं, आणि वैद्यकात ते तत्त्वासारखं रुजलं. मेलबर्नच्या व्हिकी अँडरसन यांनी डोक्याला मार लागलेल्या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा चित्र उलटं निघालं. गंभीर मार बसलेल्या मुलांत, ज्यांना तो शाळेआधीच्या वयात बसला त्यांची बौद्धिक हानी मोठ्या मुलांपेक्षा जास्त होती. कारण समजण्यासारखं आहे. मोठ्या मुलाने वाचन, हिशोब, बोलणं कमावलेलं असतं, लहानग्याला ते अजून कमवायचं असतं. कपाळामागचा भाग तर विशीपर्यंत पक्व होत राहतो. चार वर्षांच्या वयात तिथे झालेली इजा चार वर्षांच्या मुलात दिसतच नाही, कारण त्या भागाकडून तेव्हा कोणी काही मागत नाही. मागणी येते पाचवी-सहावीत.

नव्या पेशी नेहमी उपकारकच असतात, हाही समज सोडावा लागतो. विजयालक्ष्मी शांताकुमार यांच्या गटाने अमेरिकेत २०१७ साली दाखवलं की इजेनंतर तरुण उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची लाट येते आणि ती ओसरल्यावर निर्मिती मूळ पातळीच्याही खाली जाते, जणू साठा आधीच खर्च झाला. त्या लाटेला औषधाने आवर घातला तर पुढे झटके येण्याची प्रवृत्ती कमी झाली. भलत्या जागी जाऊन बसलेल्या, भलतीकडे जोडलेल्या पेशींचा डोक्याच्या इजेनंतरच्या फिट्सशी संबंध असावा, याला यामुळे बळ मिळतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेने २०१३ साली वेगळ्याच वाटेने असंच काही पाहिलं होतं. आईपासून रोज काही काळ तोडलेल्या पिल्लांत तरुणपणी नव्या चेतापेशी जास्त होत्या, शिकण्याची कामगिरीही चांगली होती, पण मध्यमवयात दोन्ही घसरलं. एका ठिकाणी आघात डोक्यावर, दुसरीकडे मायेवर, आणि दोन्हीकडे आधी भरती, नंतर ओहोटी. इजेनंतरच्या पहिल्या वर्षात मूल 'ठणठणीत' दिसलं तरी हिशोब मिटला असं का धरू नये, ते या दोन अभ्यासांवरून कळतं.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच शुभा टोळे यांच्या गटाने २००८ साली दाखवलं की भ्रूणाच्या मेंदूत एलएचएक्स-२ हे एकच जनुक हिप्पोकॅम्पस कुठे घडेल याची हद्द आखतं. ते काम इजेबद्दलचं नाही, पण मेंदूचा कुठला तुकडा मुळात कसा घडतो हे कळल्याशिवाय तो पुन्हा घडवण्याची भाषा पोकळच राहील. मुंबईत हे काम होतंय याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आधारपेशींचंच रूपांतर चेतापेशींत करायचं, ही अलीकडची मोठी आशा. न्यूरोडी-१सारखं जनुक घालून ते साधल्याचे दावे झाले. २०२१ साली टेक्सासमधल्या चुन-ली झांग यांच्या गटाने पेशींचा वंश काटेकोर तपासला, तेव्हा 'नव्या' म्हटलेल्या बऱ्याच चेतापेशी मूळच्याच निघाल्या, खूण चुकून त्यांच्यावर बसली होती. अशी कठोर तपासणी ज्या क्षेत्रात अजून चालू आहे, त्यातला माल बाजारात विकत मिळू नये. मिळतो मात्र. मेंदूला इजा झालेल्या मुलांच्या पालकांना स्टेम सेलची इंजेक्शनं लाखांच्या भावात विकली जातात, गावाकडची जमीन विकून ती घेणारे लोक आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण वगळता स्टेम सेलचा वापर मंजूर वैद्यकीय चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. कोणी पैसे मागितले, की तिथून उठून यावं.

मग उपयोगाचं काय आहे? उंदरांत नव्या पेशी जगवणाऱ्या गोष्टी साध्या निघाल्या : खेळायला, धुंडाळायला भरपूर असलेला परिसर आणि धावणं, हे गेज यांच्या गटाने १९९७ आणि १९९९ साली दाखवलं. वेळ मात्र सांभाळावी लागते. ग्रेस ग्रीसबाख आणि सहकाऱ्यांना २००४ साली दिसलं की इजेनंतर लगेच पळू दिलेल्या उंदरांना फायदा झाला नाही, दोन आठवड्यांनी पळू दिलेल्यांना झाला. लॉस एंजेलिसच्या क्रिस्टोफर गिझा यांच्या प्रयोगांत तर इजा झालेल्या पिल्लांना समृद्ध परिसराचा लाभ काही काळ घेताच आला नाही. मुलांत उंदरांचे दिवस जसेच्या तसे लावायचे नसतात. क्रम मात्र डॉक्टरही तोच सांगतात : आधी एक-दोन दिवस खरी विश्रांती आणि मोबाईल बाजूला, मग त्यांच्या सल्ल्याने हळूहळू खेळ, शाळा, गप्पा. पंधरा पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवण्याने भलं होत नाही.

आता गोडादऱ्याकडे येऊ. इथे मुलांच्या डोक्याला मार लागायच्या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत : कठडा नसलेली गच्ची, उघडा जिना, आणि दुचाकी. १४ आणि १५ जानेवारीला, उत्तरायणात, पतंगाकडे बघत उलटं चालणारी मुलं प्रत्येक गच्चीवर असतात. मोपेडवर बापाच्या पुढ्यात उभं राहिलेलं मूल महाराणा प्रताप चौकात कधीही दिसेल. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा, चाळीस टक्क्यांहून अधिक. कायदा मुलांना विसरलेला नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाला बांधणारा पट्टा, शिवाय वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३पासून लागू आहे. २०२५च्या फेब्रुवारीत सुरत पोलिसांनी हेल्मेटची सक्ती कडक केली, तेव्हापासून चालकांच्या डोक्यावर हेल्मेट दिसू लागलं. मागच्या पोराचं डोकं अजून उघडंच आहे. दंड वाचवायला घेतलेलं एक हेल्मेट घरात असतं, दुसरं मुलाच्या मापाचं घ्यायचं राहून जातं.

मार लागलाच, तर घरी काय बघायचं हे पक्कं असू द्या. दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांहून आणि त्यापुढचं पाच फुटांहून जास्त उंचीवरून पडलं असेल, शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, झटका आला, कानानाकातून रक्त किंवा पाणी आलं, झोप अनावर झाली, डोकं फार दुखतंय म्हणालं, किंवा आईला 'हे नेहमीसारखं नाही' असं वाटलं, तर १०८ला फोन करून थेट स्मीमेर किंवा नवी सिव्हिल गाठा. आईचं ते वाटणं फालतू नाही. अमेरिकेत ४२ हजारांहून अधिक मुलांवर बेतलेल्या २००९च्या अभ्यासात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी डॉक्टरांच्या निकषांमध्येच त्याला जागा मिळाली आहे. सीटी स्कॅन लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. उगीच आग्रह धरू नका, कारण त्या किरणांचाही कोवळ्या मेंदूवर भार असतो.

सर्वांत जास्त चूक होते ती नंतर. टाके निघतात, मूल पळायला लागतं, घर विसरून जातं. कामाचा पत्ता बदलतो, मूल कधी अमळनेरला, कधी शिरपूरला आजीकडे राहतं, महापालिकेच्या मराठी शाळेतून दुसऱ्या शाळेत जातं. पाच वर्षांनी ते वर्गात लक्ष देत नाही, चिडतं, पाढे विसरतं, आणि गुरुजी त्याला आळशी ठरवतात, कारण बालवाडीतल्या वयात ते गच्चीवरून पडलं होतं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. हिप्पोकॅम्पसने त्या वेळी काही हजार पेशी जास्त घडवल्या असतील, पण कपाळामागच्या इजेची भरपाई त्यांनी केलेली नसते. तेव्हा दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनचा रिपोर्ट फेकू नका, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. त्याची एक झेरॉक्स शाळेत प्रवेशाच्या कागदांसोबत द्या, आणि दरवर्षी नव्या वर्गशिक्षकांना तोंडी सांगा की या मुलाच्या डोक्याला अमुक साली मार लागला होता.